इब्राच्या पुढचा चौकोनी राउंडअबाउट

मस्कतला जाऊन आलो म्हटलं की नागपुरात लोक आधी सोन्याचा भाव विचारतात आणि मग खजूर आणले का ते. खजूर आणले होते, वाटूनही झाले. सोन्याच्या दुकानात मी पाऊल टाकलं नाही. मी तिथे चौक पाहिले. परदेशात जाऊन कुणी चौक पाहतं का, असं माझ्या व्याह्यांनी तोंडावर विचारलं. पण माझी सगळी नोकरी बांधकाम खात्यात, रस्त्यांवर गेली. आणि या खेपेला तर माझ्या बहिणीच्या संसाराचं गाडं एका चौकात येऊन अडलं होतं.

वैशाली ही आमच्यातली शेंडेफळ. वडील गेले तेव्हा ती शाळेतही जात नव्हती, त्यामुळे मी तिचा भाऊ कमी आणि बाप जास्त. तिचे यजमान मिलिंदराव मस्कतच्या कुरुम भागात एका सल्लागार कंपनीत रस्त्यांचे नकाशे करतात. घरभाडं परवडतं म्हणून राहतात अल अमेरातला, शहराबाहेर, डोंगराच्या पलीकडे. आदल्या वर्षी मिलिंदरावांच्या दोन्ही किडन्या गेल्या. वैशालीचा रक्तगट जुळला नाही, मला साखर. म्हणजे डायलिसिस आलं, एका दिवसाआड. डायलिसिस झाल्यावर त्यांचा रक्तदाब इतका उतरतो की गाडी चालवणं सोडाच, गाडीतून उतरतानाही धरावं लागतं. त्यांना नेण्या-आणण्याचं काम त्याच इमारतीतले सावंत म्हणून कुडाळकडचे गृहस्थ करत होते. आता सावंतांची बदली दूर दुक्मला झाली होती आणि महिनाअखेर ते निघणार होते. एका दिवसाआडची टॅक्सी पगारात बसत नव्हती.

वैशालीने लायसन्स काढायला घेतलं होतं. रस्त्यावरच्या परीक्षेत दोनदा नापास झाली, दोन्हीदा राउंडअबाउटवर. आता तिसऱ्यांदाही जमलं नाही तर राजीनामा देऊन नागपूरला परतायचं, असं मिलिंदरावांनी ठरवलं होतं. नोकरी गेली की तिच्याबरोबर आजारपणाचा विमाही जाणार. आणि एका दिवसाआड दवाखान्यात पडणाऱ्या माणसाला नागपुरात कोण नोकरी देणार? वैशालीचा फोन आला. रडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, तुम्ही जन्मभर चौक बांधले ना? मग मला समजावून सांगा ना बाप्पा, मी तिथं काय चुकून राहिली ते."

ही गोष्ट २०१४ च्या जानेवारीतली. मी व्हिसा काढला आणि निघालो.

अल अमेरात

विमानतळावर घ्यायला मिलिंदराव आणि सावंत दोघं आले होते. मिलिंदराव वाळले होते. डाव्या हातावर, सुया टोचतात तिथे, शीर फुगून दोरखंडासारखी झाली होती. मी तिकडे पाहिलं हे त्यांनी पाहिलं आणि शर्टाची बाही खाली ओढली.

रस्ते असे की आमच्या खात्याला लाज वाटावी. आपल्याकडे चौक म्हटला की मधे पुतळा आलाच. घोड्यावरचा, पुस्तक घेतलेला, नाहीतर नुसताच बोट दाखवणारा. ओमानच्या चौकात माणूस नाही. तिथे भलीमोठी कॉफीची सुरई असते, धूपदाणी असते, एखादी होडी असते. पुतळा नाही म्हणजे जयंतीचा मंडप नाही, हार नाहीत, वर्गणी नाही. मला ते फार सोयीचं वाटलं आणि थोडं ओकंबोकंही.

"बघून घ्या, दादा," मिलिंदराव म्हणाले. "हे गोल आता चालले. गाड्या वाढल्या. कुठे सिग्नल, कुठे उड्डाणपूल. त्यातले काही नकाशे माझ्याच टेबलावर आहेत."

सावंत म्हणाले, "वयनींच्या परीक्षेपर्यंत तरी एखादो ठेवा हां, साहेब. नायतर इतक्या शिकून काय उपयोग!"

अमेरातचे डोंगर भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखे आहेत, काळपट आणि सुरकुतलेले. त्यांच्यावर गवताची काडी नाही. पायथ्याशी पांढरी घरं, आणि त्या पांढऱ्यातच एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर वैशालीचं घर. फ्रिजवर बुद्धाची छोटी मूर्ती, गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी. वैशालीने झुणका-भाकर केली होती. पानं घेतली तेव्हा नेहमीप्रमाणे माझं आधी, मग मिलिंदरावांचं, मग भाचीचं, आणि ती स्वतः आमचं होईपर्यंत ओट्याला टेकून उभी. मी ते पाहिलं आणि भाकरीवर तेल मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी मिलिंदरावांची गाडी घेतली. माझ्याकडे आंतरराष्ट्रीय परवाना होता आणि आत्मविश्वास त्याहून जास्त. तिथे वाहतूक उजवीकडून, स्टिअरिंग डावीकडे, इंडिकेटरची दांडीही उलटीकडे. त्यामुळे प्रत्येक वळणावर मी इंडिकेटरऐवजी वायपर लावत होतो. वर्षात चार थेंब पडणाऱ्या देशात कोरड्या काचेवर वायपर फिरतायत हे पाहून शेजारच्या गाडीतली पोरं खिदळत होती. पुढे राउंडअबाउट आला. मी आत शिरलो. अर्ध्यात आल्यावर उजवीकडच्या रस्त्यावरून एक गाडी झपाट्याने येताना दिसली आणि मी ब्रेक दाबला. मागून इतक्या जोराने हॉर्न वाजले की मी सीटवर उडालो.

"दादा, आत आहे त्याचा हक्क," मिलिंदराव शांतपणे म्हणाले. "बाहेरचा थांबतो. तो थांबणारच होता."

नियम मला ठाऊक होता. तो मी कागदावर कितीदा लिहिलाय! पण आपल्याकडे बाहेरून घुसणारा घुसतो आणि आतला बिचारा थांबतो. तीस वर्षं पायाला तीच सवय. मला वाटलं, हाती लागलं. वैशालीचीही हीच भानगड असणार. एवढंच तर आहे, दोन दिवसांत सुटेल.

मरियमबाईंची गाडी

ओमानमध्ये शिकाऊ माणसाला परवानाधारक शिक्षकाशिवाय रस्त्यावर गाडी चालवता येत नाही, त्यामुळे मी शिकवण्याचा प्रश्नच नव्हता. वैशालीच्या शिक्षिका मरियमबाई. बलुची ओमानी, पन्नाशीच्या, अंगात काळा पायघोळ अबाया आणि पायात पांढरे बूट. हिंदी अशी फर्मास की मी थक्क झालो. मला मागच्या सीटवर बसायची परवानगी मिळाली, एका अटीवर. "भाईजान, आप इंजिनिअर हैं, मालूम है. मेरी गाड़ी में आप खाली पैसेंजर. बोलना नहीं."

वैशाली गाडी चांगली चालवत होती. चढ, उतार, मागे घेणं, सगळं स्वच्छ. मग राउंडअबाउट आला. ती रेषेवर थांबली, डावीकडे पाहिलं, मोकळं आहे म्हणून आत शिरली. उजवीकडच्या रस्त्यावर एक पांढरी गाडी रेषेवर येऊन उभी राहिली. ती गाडी नियमाने थांबलेली होती, हलतही नव्हती. आणि वैशालीने गाडी थांबवली. आत, मधोमध. हाताने त्या माणसाला खूण केली: जा.

तो जाईना. ती जाईना. मागे रांग लागली. मरियमबाईंनी कपाळावर हात मारला. "फिर वही! अरे बहन, अंदर तुम्हारा हक़ है. सारी दुनिया में रुको, इधर मत रुको. यल्ला, चलो!"

मी मागे गप्प बसलो होतो, पण माझा सिद्धांत तिथेच कोसळला. मी ब्रेक दाबला होता तो धडकेच्या भीतीने. हिला भीती नव्हती. ती त्या माणसाला वाट देत होती.

घरी आल्यावर मी जमिनीवर रांगोळीने राउंडअबाउट काढला, काड्यापेट्यांच्या गाड्या केल्या. तिने सगळं बरोबर सांगितलं. कुणी थांबायचं, कुणी जायचं, एकही चूक नाही. भाची बघत होती. तिचं मराठी अडखळतं. "मामा, आईला ना, रूल्स सगळे येतात. पण तिथे गेल्यावर तिचं... ती पोलाइट होते."

इब्रा

बुधवारी मिलिंदरावांना डायलिसिस नव्हतं. त्यांनी सुट्टी घेतली आणि म्हणाले, "दादा, इब्राला जाऊ. पुढे एक गंमत दाखवतो."

इब्रापर्यंतचा रस्ता डोंगर कापत जातो. तांबडे, करडे, हिरवट डोंगर, आणि मधे अचानक खजुरांची दाट बाग. पाणी दिसत नाही, पण आहे. जमिनीखालच्या जुन्या पाटांतून खेळवलेलं. आपल्याकडे धो धो पाणी येऊन वाहून जातं आणि इथे हातभर पाण्याला शेकडो वर्षं पोटच्या पोरासारखं सांभाळलंय, हे पाहून मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही.

इब्राला बुधवारी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका, पुरुषांना मज्जाव. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी वैशालीच्या पुढे, म्हणजे नेहमीच्या सवयीने, आत शिरलो. तोंडावर बुरखा घेतलेल्या एका म्हाताऱ्या बाईने हातातली काठी आडवी धरली आणि अरबीत असं काही सुनावलं की भाषा कळायची गरज उरली नाही. मी मागे फिरलो. आयुष्यात पहिल्यांदा वैशाली एकटी पुढे गेली आणि मी बाहेर उभा राहिलो.

आम्ही दोघे समोरच्या मल्याळी माणसाच्या हॉटेलात कडक चहा आणि पराठा घेऊन बसलो. मिलिंदरावांना पाणीसुद्धा मोजून, म्हणून त्यांचा कप अर्धा.

"दादा," मग ते म्हणाले, "सगळ्यांना वाटतं हिने लायसन्स माझ्यासाठी काढायचं. दवाखान्यासाठी."

"मग कशासाठी?"

"मला काही झालं तर इथे हिच्याजवळ कोण आहे? सावंत चालले. पोरीची शाळा, माझे कागद, घर आवरणं. हिला स्वतःच्या पायावर या देशातून निघता आलं पाहिजे." त्यांनी कप खाली ठेवला. "तिच्यापाशी बोलू नका. ती माझ्यासाठीच शिकून राहिली असं तिला वाटू द्या. स्वतःसाठी म्हटलं तर ती शिकणार नाही."

मी पराठ्याचा मोठा घास तोंडात कोंबला. हॉटेलवाल्याने न मागता पाण्याची बाटली आणून ठेवली.

वैशाली बाहेर आली ती धुपाची पुडी आणि मेंदी घेऊन, गाल लाल झालेले. "आत कुणी कुणाले वाट देत नाही, दादा! सरळ घुसतात. पण भांडत नाहीत हो. हसतात." ती हे इतक्या नवलाने सांगत होती, जणू दुसऱ्या ग्रहावर जाऊन आली.

चौकोन

इब्राच्या पुढे, मोठा रस्ता सोडून एका गावाकडे वळलं की तो लागतो. मिलिंदराव ओमानला नवे आले तेव्हा त्यांनी केलेला. राउंडअबाउट म्हणायचा, पण गोल नाही. चक्क चौकोनी. मधल्या बेटाच्या चार बाजू सरळ, चार कोपरे जरा गोलवलेले, आणि बेटावर मातीच्या जुन्या बुरुजाचं पडकं जोतं.

"जोतं चौकोनी. दोन बाजूंनी खालून पाण्याचा पाट. गोल काढला असता तर पाट तुटला असता," मिलिंदराव सांगू लागले, आणि आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जोर आला. "आमचा तेव्हाचा साहेब इंग्रज होता. मी भीत भीत म्हटलं, सर, चौकोनी करू का? तो हसायला लागला. म्हणाला, आमच्याकडे ब्रिटनमध्ये आहेत तसले, लोक शिव्या देतात आणि चालवतात. आमच्याकडे तर एका मोठ्या गोलाभोवती पाच छोटे गोल फिरतात, तुझा चौकोन म्हणजे काहीच नाही."

पाच गोलांचा तो नकाशा मी तरुणपणी एका मासिकात पाहिला होता आणि छापणाऱ्याची चूक समजलो होतो. आम्ही दोघे त्यावर शाळकरी पोरांसारखे हसलो. चौकोनात गंमत अशी की सरळ बाजूवर गाडी पळते आणि कोपऱ्यावर तिला मान खाली घालावी लागते. गोलात सगळं एका लयीत होतं, इथे प्रत्येक कोपऱ्यावर पुन्हा ठरवावं लागतं.

दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाभळीसारख्या एका झाडाखाली आम्ही गाडी लावली आणि माझ्या डोक्यात आलं की गाडी चालवायला परवाना लागतो, पायाला लागत नाही.

"वैशाली, उतर. तू गाडी. बेट डाव्या हाताला ठेवून चाल. मी बाजूच्या रस्त्यावरून येतो. मी पण गाडी."

"ही तर उलटी प्रदक्षिणा होते, दादा. स्तूपाला आपण उजव्या हाताला ठेवून फिरतो."

"हा स्तूप नाही. चाल."

ती चालू लागली. एक कोपरा वळली. मी उजवीकडच्या रस्त्यावरून रेषेकडे आलो. मला पाहताच ती थांबली. ओढणी सावरली, किंचित बाजूला झाली आणि हाताने म्हणाली, जा.

"अगं, तू आत आहेस!"

"हो हो. चुकलं."

पुन्हा. पुन्हा तेच. "मी दादा नाही, मी ट्रक आहे," मी ओरडलो. ती हसली, चालू लागली, आणि मी रेषेवर आलो तशी उभी राहिली. तिला थांबायचं नव्हतं. चेहऱ्यावर दिसत होतं, तिला पुढे जायचं होतं. पण पाय ऐकत नव्हते. आमच्या घरात बोळातून, दारातून, न्हाणीघराकडून मी येताना दिसलो की ती अशीच भिंतीला लागून उभी राहायची. तिला तसं कुणी शिकवलेलं आठवत नाही. पण ती चालायला लागली तेव्हापासून तसंच होतं, आणि समोरून येणारा प्रत्येक माणूस तिच्या पायांना दादाच वाटत होता.

ती रस्त्यातच मटकन खाली बसली. "नाही होत मले. जाऊ द्या. परत जाऊ नागपूरले."

तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. मिलिंदराव उतरून येत होते. उन्हात त्यांना चालू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं. ते आले, तिला उठवलं, आणि आपल्या त्या फुगलेल्या शिरांच्या हाताने तिचा कोपर धरला. "चल. आपण दोघं मिळून एक गाडी."

ते चालू लागले. हळू, कारण त्यांना दम लागत होता. मी रेषेकडे आलो. मला पाहून वैशालीची चाल अडखळली. मिलिंदरावांनी कोपर सोडला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. दोघं माझ्या नाकासमोरून गेले आणि मी रेषेवर उभा राहिलो. खरं सांगतो, चमत्कारिक वाटलं. लहान बहीण समोरून निघून चाललीय आणि आपण हात लोंबकळत उभे. वाईट वाटलं की बरं वाटलं, ते नागपूरला येईपर्यंत ठरेना.

कितीतरी फेऱ्या झाल्या. मग मिलिंदराव जोत्याच्या दगडावर बसले, धापा टाकत, आणि ती एकटी फिरली. प्रत्येक कोपऱ्यावर तिचा वेग कमी व्हायचा, मान वळायची, मी दिसायचो. ती ओठ घट्ट मिटायची आणि पाऊल टाकायची. शेवटी शेवटी माझ्याकडे बघून हसून जाऊ लागली. बकऱ्या घेऊन चाललेला एक म्हातारा हे बघत उभा राहिला. तीन परदेशी माणसं भर उन्हात राउंडअबाउटमध्ये चालत का फिरतायत हे त्याने विचारलं नाही. सलाम करून त्याने बकऱ्या मात्र रेषेवरच थांबवल्या, वैशाली जाईपर्यंत.

परतताना मिलिंदराव मागे आडवे झाले. पाय सुजले होते. पण झोपण्यापूर्वी म्हणाले, "हा चौकोनसुद्धा जाणार, दादा. पुढच्या वर्षी सिग्नल. नकाशा मीच केलाय. पाट वाचवलाय."

कुरुम

परीक्षेच्या दिवशी मैदानाच्या कडेच्या शेडमध्ये मी आणि मरियमबाई बसलो होतो. त्या माळ ओढत होत्या, मी काही येत नसताना ओठ हलवत होतो. पोलिसाची गाडी परत आली. वैशाली उतरली ती मान खाली घालूनच. जवळ आल्यावर कळलं की ती रडत होती, कारण पोलीस "मबरूक" म्हणाला होता. अभिनंदन. मरियमबाईंनी तिचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला. "बोला था ना? अब मुझे भूल जा, और रास्ते में कभी अंदर नहीं रुकना. खलास."

सावंत दुक्मला गेले. माझ्या परतीच्या आधी मिलिंदरावांचं एक डायलिसिस होतं आणि त्या दिवशी गाडी वैशालीने चालवली. जाताना ठीक गेलं. येताना मिलिंदराव तिच्या शेजारी, सीट मागे टेकवून, चेहरा राखेसारखा. मी मागे. कुरुमच्या दवाखान्याच्या पुढचा राउंडअबाउट मोठा, संध्याकाळची गर्दी. वैशाली रेषेवर थांबली, डावीकडे पाहिलं, आत शिरली. उजवीकडून एक भलीमोठी जीप धूळ उडवत रेषेकडे येत होती. ती थांबेल असं दिसेना.

"थांब!" मी ओरडलो. "वैशाली, थांब!"

ती थांबली नाही. तिचा पाय हललासुद्धा नाही. जीप रेषेवर कचकन उभी राहिली आणि आमची गाडी तिच्या समोरून निघून गेली, एका लयीत, अमेरातच्या रस्त्याला लागली. मिलिंदराव डोळे मिटून पडले होते. ते हललेही नाहीत.

डोंगराचा चढ सुरू झाला. मग वैशालीने आरशातून माझ्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, नेहमीचा अदबीचा स्वरही नव्हता.

"दादा," ती म्हणाली, "मी गाडी चालवून राहिली तेव्हा तुम्ही मधे बोलायचं नाही."

"बरं," मी म्हटलं, आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसलो.